फळ्यावर नसलेलं नाव

१९७८ साली कॅनडातल्या एडमंटन शहरात दोन तरुण खेळाडू आले. एक वॉरन मून. लॉस एंजेलिसचा, एकविशीतला, अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक. दुसरा वेन ग्रेट्झकी. ऑन्टारिओतल्या ब्रँटफर्ड गावचा, जेमतेम सतरा वर्षांचा, आइस हॉकी खेळणारा. मूनला त्याच्याच देशातल्या एनएफएल लीगमध्ये क्वार्टरबॅक म्हणून कोणी उभं करायला तयार नव्हतं. ग्रेट्झकीला हॉकीच्या एनएचएल या मुख्य लीगचं दार वयामुळे बंद होतं, कारण तिथे वीस वर्षांखालच्या मुलाशी करार होत नसे. म्हणून तो एका प्रतिस्पर्धी लीगमध्ये खेळत होता.

पुढे दोघांनीही एडमंटनला करंडकांची सवय लावली. मूनच्या संघाने १९७८ ते १९८२ अशी सलग पाच वर्षं कॅनडातल्या फुटबॉलचा ग्रे कप जिंकला. ग्रेट्झकीच्या ऑइलर्स संघाने, एनएचएलमध्ये आल्यावर, १९८४ ते १९८८ या पाच वर्षांत चार वेळा तिथला स्टॅनली कप घरी आणला.

उत्तर अमेरिकेतले क्रीडारसिक वर्षभर जे दोन वाद घालतात, त्या दोन्ही वादांची मुळं या दोघांच्या गोष्टीत सापडतात. पहिला वाद उद्याचा: कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी कोण मोठा क्वार्टरबॅक निघेल? दुसरा कालचा: आइस हॉकीत आजवरचा सर्वांत मोठा कोण? आपल्याकडे गावस्कर मोठा की सचिन, हा प्रश्न चहाच्या टपरीवर जसा कधी सुटत नाही, तसेच हेही सुटत नाहीत. पण त्यांना शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मुख्यतः मापांचा इतिहास आहे. खेळाडूला कशाने मोजायचं हे दर पिढीने नव्याने ठरवलं, आणि प्रत्येक मापाबाहेर कोणी ना कोणी राहून गेलं.

आधी क्वार्टरबॅकचं पाहू. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाच्या जवळजवळ प्रत्येक चढाईला चेंडू आधी त्याच्या हातात येतो. समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर धावून येत असतात. दोन-तीन सेकंदांत त्याला साऱ्या मैदानाचा अंदाज घेऊन चेंडू कोणाकडे फेकायचा ते ठरवावं लागतं. चांगला क्वार्टरबॅक मिळाला तर संघाची दहा-पंधरा वर्षांची ददात मिटते. चुकीचा निवडला तर तेवढीच वर्षं वाया जातात.

निवडीची रीत सुरू झाली ८ फेब्रुवारी १९३६ रोजी, फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात. ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांचा संघ दुबळा होता. चांगली पोरं श्रीमंत संघांकडे जात. त्यांनी सुचवलं की, सगळ्यांत शेवटी राहिलेल्या संघाला नव्या खेळाडूंमधून पहिली निवड करू द्यावी. हाच ड्राफ्ट. आयपीएलच्या लिलावासारखी इथे पैशांची बोली नसते, फक्त पाळी असते. त्या दिवशी खोलीत एका फळ्यावर नव्वद नावं लिहिली होती. संघांकडे गावोगाव फिरून खेळाडू हेरणारी माणसं तेव्हा जवळजवळ नव्हतीच. वर्तमानपत्रातली बातमी आणि ओळखीच्या माणसाचा शब्द, यावर काम चाले. नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत एक्क्याऐंशी जणांची निवड केली. पहिलं नाव पुकारलं गेलं ते शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वेंगरचं. पैशांवरून त्याचं जमलं नाही. ड्राफ्टच्या इतिहासातला हा पहिला खेळाडू एनएफएलचा एकही सामना खेळला नाही.

पुढची चव्वेचाळीस वर्षं हा हॉटेलातल्या बंद खोलीचाच मामला राहिला. १९८० साली ईएसपीएन या नव्या वाहिनीने ड्राफ्ट टीव्हीवर दाखवला आणि वाद घराघरांत पोहोचला. तीनच वर्षांनी रसिकांना असा विषय मिळाला की, त्यावर आजही तावातावाने बोललं जातं. १९८३च्या पहिल्या फेरीत सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. सर्वांत आधी जॉन एल्वे, मग ब्लॅकलेज, केली, ईसन, ओब्रायन, आणि सर्वांत शेवटी, सत्ताविसाव्या क्रमांकावर, डॅन मरीनो. दुसऱ्याच हंगामात मरीनोने फेकीचे ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाऊन पास (थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी) असे विक्रम केले. त्याच्याआधी निवडल्या गेलेल्यांपैकी तिघांची नावं आज बहुतेक त्या यादीपुरतीच आठवतात.

१९९८ साली देश दोन तटांत विभागला होता: पेटन मॅनिंग की रायन लीफ? लीफची फेक अधिक जोरदार, असं म्हणणारे जाणकार थोडे नव्हते. इंडियानापोलिसने मॅनिंगला घेतलं, सॅन डिएगोने लीफला. मॅनिंग पाच वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लीफची कारकीर्द पंचवीस सामन्यांत आटोपली, त्यात १४ टचडाऊन पास आणि ३६ वेळा चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी टॉम ब्रेडी. सहावी फेरी, १९९वा क्रमांक. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. ब्रेडीने सात सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकले.

मोजण्याची हौस मात्र वाढतच गेली. ड्राफ्टआधी उमेदवारांना एकत्र बोलावून त्यांची उंची घेतात, पंजाची रुंदी मोजतात, चाळीस यार्डांची धाव घड्याळावर लावतात. बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची एक बुद्धिचाचणीही अनेक वर्षं घेतली जात होती. ब्रेडीला ती धाव संपवायला ५.२८ सेकंद लागले होते. पाय जड, हे घड्याळाने बरोबर सांगितलं. अंगावर गर्दी कोसळत असताना त्याचं डोकं थंड राहतं, हे सांगणारं घड्याळ तिथे नव्हतं.

पण पंजा आणि पाय मोजण्याच्याही आधी एक माप लावलं जात होतं, ते कातडीच्या रंगाचं. जानेवारी १९७८मध्ये रोझ बोल या कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या सामन्यात वॉरन मून सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. तरी एनएफएलच्या संघांना तो दुसऱ्या जागेवर खेळायला हवा होता. क्वार्टरबॅकला डोकं आणि नेतृत्व लागतं, आणि ते कृष्णवर्णीय खेळाडूकडे नसतं, असा त्या काळचा पक्का ग्रह होता. मूनने जागा बदलायला नकार दिला, ड्राफ्टची वाटही न पाहता एडमंटनशी करार केला. ड्राफ्टच्या दिवशी त्याचं नाव कोणीच घेतलं नाही. सहा हंगामांनी, १९८४ साली, तो ह्यूस्टनच्या संघात आला. एनएफएलमध्ये त्याने ४९,३२५ यार्ड फेक केली. १९८८च्या जानेवारीत डग विल्यम्स सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. २००६ साली मून फुटबॉलमधल्या थोरांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, तिथेही तो पहिलाच कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. आणि सुपर बोलमध्ये दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक उभे राहायला २०२३ साल उजाडावं लागलं.

आता हॉकी. ही ध्यानचंदांची हॉकी नव्हे. बर्फावर, पायात स्केट घालून, चेंडूऐवजी रबराच्या चकतीने खेळायची. बंदिस्त रिंकवरचा पहिला संघटित सामना ३ मार्च १८७५ रोजी मॉन्ट्रियलमध्ये झाला, आणि त्याच शहरात नोव्हेंबर १९१७मध्ये एनएचएल स्थापन झाली. कॅनडाचा हिवाळा लांब. दुकानातल्या शेगडीभोवती बसून खेळाडूंची उणीदुणी काढायची जुनी रीत होती. १९३९पासून रेडिओने ती उचलली. सामन्याच्या मध्यंतरात ‘हॉट स्टोव्ह लीग’ नावाने जाणत्यांच्या गप्पा रंगू लागल्या, आणि देशभरची घरं त्या शेगडीभोवती बसली.

त्या पिढीचा देव होता मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा हॉवी मॉरेन्झ. जानेवारी १९३७मध्ये सामन्यात त्याचा पाय मोडला, आणि ८ मार्चला रुग्णालयातच त्याचं निधन झालं. त्याची शवपेटी मॉन्ट्रियलच्या फोरम या क्रीडागृहात, ज्या रिंकवर तो वाऱ्यासारखा धावायचा त्याच्या मधोमध ठेवली होती. हजारो माणसं खुर्च्यांवर गप्प बसून होती. १९५० साली कॅनडाच्या पत्रकारांनी अर्धशतकातला सर्वोत्तम हॉकीपटू म्हणून मॉरेन्झलाच कौल दिला.

त्या मतदानाच्या वेळी मॉन्ट्रियलचाच मॉरिस रिशार ऐन भरात होता. १९४४-४५च्या हंगामात त्याने पन्नास सामन्यांत पन्नास गोल केले होते, पन्नासावा शेवटच्या सामन्यात, बॉस्टनमध्ये, अगदी अखेरच्या मिनिटांत. तेव्हापासून शंका काढली जाते की, चांगले खेळाडू दुसऱ्या महायुद्धावर गेले होते, म्हणून जमलं. दोन काळांच्या तुलनेतला हा ठरलेला पेच. आकडा पुढच्या पिढीला जसाच्या तसा मिळतो, तो कोणत्या परिस्थितीत झाला हे मागे राहतं.

नियमही असेच आकड्यांमागे दडलेले असतात. १९२८-२९मध्ये लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याचे गोल होते २२. पुढच्या हंगामात कूनी वाइलंडने ४३ केले. सामने तेवढेच, ४४. एका वर्षात कोणी दुप्पट थोर झालं नव्हतं. चढाईच्या भागात चकती पुढे पास करायला नव्या नियमाने परवानगी दिली होती. ग्रेट्झकी १९८१-८२मध्ये ९२ गोल करत होता, तेव्हा एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल होत. २००३-०४पर्यंत ही सरासरी पाचाच्या आसपास आली. म्हणजे वेगवेगळ्या काळांतले शंभर गोल समोरासमोर ठेवणं म्हणजे जुन्या रुपयाची आजच्या रुपयाशी बरोबरी करणं.

मग मोजायचं कसं? सर्वांत प्रामाणिक रीत एकच: खेळाडूला त्याच्या सोबत्यांशेजारी उभं करायचं. तोच बर्फ, तेच नियम, तेच गोलरक्षक. या कसोटीवर तिघे उरतात. गॉर्डी हाऊ सलग वीस हंगाम खेळाडूंच्या गुणतालिकेत पहिल्या पाचांत राहिला, आणि १९७९-८०मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत, एनएचएलमध्ये खेळला. बॉबी ऑर बचावपटू होता. बचावपटूने गुणतालिकेत पहिलं यावं हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, त्याने ते दोनदा केलं. त्याच्याआधी आणि नंतर कोणालाच जमलेलं नाही. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तो फक्त ६५७ सामने खेळू शकला. आणि ग्रेट्झकी. १९८१-८२मध्ये गोल आणि असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत) मिळून त्याचे २१२ गुण होते. दुसरा आलेल्या माइक बॉसीचे १४७. पासष्टचं अंतर! १९९७ साली ‘द हॉकी न्यूज’ने पन्नास जाणकारांचं मत घेतलं. ग्रेट्झकी पहिला, ऑर दुसरा, हाऊ तिसरा. पहिल्या दोघांत मतदानातल्या अवघ्या १३ गुणांचा फरक होता.

खुद्द ग्रेट्झकी मात्र हाऊलाच थोर मानत आला. १९७२चं एक छायाचित्र कॅनडात घरोघरी ठाऊक आहे. सुटाबुटातला हाऊ हसत अकरा वर्षांच्या ग्रेट्झकीच्या गळ्यात हॉकीची काठी अडकवतो आहे. पुढे त्या पोराला पाठीवर हाऊचा ९ क्रमांक हवा होता. संघात तो दुसऱ्याकडे होता, म्हणून त्याने ९९ घेतला. १५ ऑक्टोबर १९८९ रोजी त्याने हाऊचा १,८५० गुणांचा विक्रम मोडला. तेही एडमंटनमध्येच, फक्त पाहुण्या लॉस एंजेलिस संघाकडून. हाऊ त्या दिवशी तिथे हजर होता.

सोबत्यांशी तुलना करतानाही एक गोष्ट विसरून चालत नाही: सोबती म्हणून उभं राहू कोणाला दिलं होतं? १९४२ ते १९६७ एनएचएलमध्ये फक्त सहा संघ होते. टोरोंटोचा हर्ब कार्नेगी चाळीसच्या दशकातला अव्वल खेळाडू, पण कृष्णवर्णीय. एनएचएलचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, विली ओरी, उतरला तो १८ जानेवारी १९५८ रोजी. कार्नेगीला हॉकीच्या हॉल ऑफ फेमने २०२२ साली जागा दिली, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. आणि सोव्हिएत खेळाडूंची नावं तर शेगडीभोवतीच्या गप्पांत निघतच नसत. २ सप्टेंबर १९७२ रोजी मॉन्ट्रियलच्या फोरममध्ये त्यांनी कॅनडाच्या निवडक संघाला ७-३ असं हरवलं, तेव्हा व्हॅलेरी खारलामोव्हच्या दोन गोलांनी प्रेक्षागृह सुन्न झालं. आठ सामन्यांच्या मालिकेतला तो पहिला सामना. मालिका कॅनडाने जिंकली, पण शेवटच्या सामन्यात चौतीस सेकंद उरलेले असताना झालेल्या गोलामुळे. खारलामोव्ह एनएचएलमध्ये कधीच खेळला नाही. त्याला ऑरशेजारी किंवा हाऊशेजारी कुठे बसवायचं, हे कोणतीही तालिका सांगू शकत नाही.

म्हणून थोरांची कोणतीही यादी हाती आली की, पहिला कोण हे पाहण्याआधी ती यादी करताना फळ्यावर कोणाचं नाव लिहिलंच नव्हतं, ते विचारायला हवं. मून आणि कार्नेगी यांची गुणवत्ता कोणाला दिसत नव्हती असं नाही. ती दिसत असूनही मोजायची नाही, असं ठरलेलं होतं.

६ एप्रिल २०२५ रोजी न्यूयॉर्कजवळ वॉशिंग्टनच्या अलेक्झांडर ओवेच्किनने कारकिर्दीतला ८९५वा गोल केला आणि ग्रेट्झकीचा ८९४ गोलांचा विक्रम मागे पडला. ओवेच्किनचा तो १,४८७वा सामना होता. ग्रेट्झकीचे एकूण सामनेही १,४८७च. हाऊ जसा ग्रेट्झकीसाठी एडमंटनला आला होता, तसा ग्रेट्झकी त्या दिवशी प्रेक्षकांत बसला होता. ओवेच्किन मॉस्कोचा आहे.