मुक्त आज्ञावलीची तयार प्रत : नांदेड–लातूरच्या बाजूने एक ऐतिहासिक विचार

मुक्त आज्ञावलींचा इतिहास लिहिणारे अभ्यासक बहुधा परवान्यांचा इतिहास लिहितात. रिचर्ड स्टॉलमन यांनी 27 सप्टेंबर 1983 रोजी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, 1989 मध्ये त्याच्या सार्वजनिक परवान्याची पहिली आवृत्ती निघाली, 1998 मध्ये ‘ओपन सोर्स’ हे नाव पुढे आले, अशा टप्प्यांनी ती कथा सरकते. बोस्टन अथवा हेलसिंकी येथून पाहता ही मांडणी चुकीची नाही. परंतु गोदाकाठच्या नांदेडहून किंवा मांजरा खोऱ्यातील लातूरहून पाहू लागले म्हणजे तीत एक दुवा गळालेला दिसतो. मूळ संहिता, म्हणजे व्यवहारात जिला सोर्स कोड म्हणतात ती, या भागात फारच थोड्यांनी हाताळली. बहुतेकांच्या हाती आली ती तिची तयार प्रत.

या दोहोंतील भेद प्रथम स्पष्ट केला पाहिजे. संहिता माणसाला वाचता येते, पण यंत्राला ती तशीच चालविता येत नाही. कंपायलरने तिचे यंत्रभाषेत रूपांतर केल्यावर जी वस्तू सिद्ध होते तिला बायनरी म्हणतात. हे रूपांतर ज्याला साधत नाही त्याला केवळ संहिता देणे म्हणजे चूल नसलेल्या पाहुण्यापुढे ज्वारीचे पोते ठेवणे होय. आता परवान्याकडे पाहा. जो तयार प्रत वाटतो त्याने संहिताही उपलब्ध केली पाहिजे, असे बंधन ग्नूच्या परवान्यात आहे. मात्र तयार प्रत कोणी करावीच, असे बंधन कोणावरही नाही. ध्वनिमुद्रणाची ‘आर्डर’ ही आज्ञावली आपली संहिता विनामूल्य देते आणि तयार प्रतीसाठी पैसे घेते. यात परवान्याचा भंग मुळीच होत नाही. स्वातंत्र्याची हमी संहितेला मिळाली आणि तयार प्रत मात्र कोणाच्या तरी सौजन्यावर राहिली, असे म्हणावयास हरकत नसावी.

हे सौजन्य आरंभापासून टपालाशी निगडित होते. ग्नू ईमॅक्सची चुंबकीय फीत 1985 च्या सुमारास 150 डॉलरला पाठविली जात असे. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्सचे केंद्र प्रसिद्ध केले, पण सामान्य उपयोजकास ते वापरता आले ते इतरांनी त्याभोवती तयार आज्ञावलींचा संच रचला तेव्हा. स्लॅकवेअर आणि डेबियन हे असे दोन्ही संच 1993 चे.

भारतात सार्वजनिक इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाले, ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या महानगरांत. नांदेडला अभियांत्रिकी महाविद्यालय 1981 पासून होते आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी स्थापन झाले होते. तेव्हा येथे उणीव होती ती शिकणाऱ्यांची नव्हे, तारेची. थोडे गणित करून पाहावे. एका तबकडीवर सुमारे 650 मेगाबाइट मजकूर मावतो. सेकंदाला 28.8 किलोबिट या वेगाने, दूरध्वनी एकदाही न तुटता, तो उतरवून घ्यावयाचा तर पन्नासाहून अधिक तास लागतात. आणि दूरध्वनी तुटत नाही असे गृहीत धरणारा मराठवाड्यात राहिलेला नसावा. तीच तबकडी मासिकाबरोबर टपालाने दोन-चार दिवसांत येऊ शकते. बेळगावात वाढलेले व बंगळुरास स्थायिक झालेले अतुल चिटणीस (1962–2013) यांनी 1996 मध्ये ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाद्वारे लिनक्सच्या तबकड्या वाचकांपर्यंत पोहोचविण्याचा उपक्रम आरंभिला. जाळ्याबाहेरच्या गावांच्या दृष्टीने या घटनेचे मोल कोणत्याही परवान्याहून कमी नाही. असे असता मुक्त आज्ञावलीच्या जागतिक इतिहासांत तिला क्वचितच जागा मिळते.

तथापि तयार प्रतीचा गौरव करताना तिच्यातील धोका झाकून चालणार नाही. संहिता वाचून पाहता येते. प्रतीवर मात्र विश्वास ठेवावा लागतो. चित्रसंस्काराची ‘गिम्प’ ही आज्ञावली विंडोजसाठी सोर्सफोर्ज या संकेतस्थळावरून मिळत असे. तेथील जाहिरातींना व नव्या स्थापन-व्यवस्थेला कंटाळून प्रकल्पाने नोव्हेंबर 2013 मध्ये ते स्थळ सोडले. पुढे 2015 मध्ये त्याच स्थळावर गिम्पची प्रत जाहिरातींचा भरणा असलेल्या वेष्टनातून दिली जात असल्याचे उघडकीस आले. संहितेत काहीही बदल झालेला नव्हता. 2024 चे ‘एक्सझेड’ प्रकरण याहून गंभीर होय. 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत छुपा दरवाजा होता. त्याला उघडणारा एक दुवा प्रकल्पाच्या उघड भांडारात नव्हताच. तो फक्त प्रसिद्धीसाठी बांधलेल्या गाठोड्यात होता. म्हणजे संहितेच्या नावाने वाटले जाणारे गाठोडेही एका अर्थी तयार प्रतच. दूरस्थ प्रवेशास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्याच खुणेवरून आंद्रेस फ्रॉइंड यांनी 29 मार्च रोजी ते उघड केले.

प्रतींचा हा प्रश्न मराठवाड्याला अपरिचित आहे असे नव्हे. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये अनेक पोथ्या ताडून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती लेखनिकांच्या हातून शिरलेली भर काढण्यासाठीच. स्वतंत्रपणे केलेल्या दोन बायनरी अक्षरशः एकरूप निघतात की नाही हे तपासण्याचे कार्य डेबियनमध्ये 2013 पासून चालले आहे, त्यामागील चिंता तीच आहे.

आता आणखी एका घटनेची नोंद केली पाहिजे. फेब्रुवारी 2022 पासून ‘व्हीएलसी’ची निर्मिती करणाऱ्या व्हिडिओलॅन प्रकल्पाचे संकेतस्थळ भारतात बंद करण्यात आले. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या साहाय्याने प्रकल्पाने ऑक्टोबरमध्ये कायदेशीर नोटीस दिली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. या नऊ महिन्यांत आज्ञावलीचा परवाना अबाधित होता आणि ज्यांच्या संगणकावर ती आधीच होती त्यांचे काही अडले नाही. नव्याने ती हवी असणाऱ्या लातूरच्या विद्यार्थ्याला मात्र निर्मात्याच्या दारातून प्रत घेता येत नव्हती. तेव्हा मित्राच्या पेनड्राइव्हवरची, नाहीतर कोणत्या तरी अनोळखी संकेतस्थळावरची प्रत घेणे त्याला भाग होते; आणि ताडून पाहण्यासाठी निर्माता जो पडताळणीचा आकडा प्रसिद्ध करतो, तोही त्याच बंद दाराआड होता.