आतडे आधी, हृदय मागून

अकोल्याच्या लेडी हार्डिंगमध्ये असो की अमरावतीच्या डफरीनमध्ये, एखादे बाळ जन्मताच हिरवे ओकते, पोट नगाऱ्यासारखे फुगते, पहिली काळी शी होतच नाही. आतडे पोटातूनच बंद आलेले. ते बंद का होते, याचा छडा लावणाऱ्यांत कोण निघावा? ख्रिस्तियान बर्नार्ड! ३ डिसेंबर १९६७ला केपटाउनमध्ये माणसाचे हृदय बदलणारा तोच. हे वाचले आणि मी या विषयाचा पिच्छाच पुरवला.

सुश्रुताने फाटलेले आतडे मुंग्यांकडून सांधून घेतले, हे आपण मिरवतोच. जन्मजात बंद आतड्याचे कोडे मात्र व्हिएन्नाच्या युलियस टांडलरने १९००मध्ये सोडवले, असे मानत. गर्भाचे आतडे काही काळ आतून भरीव होते, पुढे पोकळ होते. ते पोकळ व्हायचे राहिले की वाट बंद. ऐकायला पटते. पण मग बंद जागेच्या खालीसुद्धा पित्त आणि बाळाने गर्भातच गिळलेली लव सापडते, ती तिथे गेली कशी? वाट आधी मोकळी होती, नंतर बुजली. माझ्या लेखी एवढा पुरावा पुष्कळ झाला.

बर्नार्ड आणि त्याचे वरिष्ठ यान लाउ यांनी गाभण कुत्रीचे गर्भाशय उघडून पिल्लाच्या आतड्याच्या रक्तवाहिन्या बांधल्या आणि पिल्लू परत आत ठेवले. जन्मले तेव्हा आतडे माणसाच्या बाळासारखेच बंद! १९५५मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापले. रक्त तुटले की तेवढा तुकडा मरून विरून जातो. वरचे फुगलेले टोकही अपुऱ्या रक्ताचे, म्हणून नुसती जोडणी टिकत नाही. ते टोक कापून मगच जोडायचे. त्यानंतर लाउच्या हातची बाळे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जगू लागली.

टांडलर पुरता हरला नाही. जठरालगतच्या ड्युओडेनममध्ये अजून त्याचेच चालते. तिथे अडथळा असलेल्या सुमारे एक तृतीयांश बाळांना डाउन सिंड्रोम असतो. ते बर्नार्डच्या हिशेबात बसत नाही.

आपल्या मेळघाटात फुगलेल्या पोटाला डंबा देतात, म्हणजे तापल्या विळ्याचे चटके. कुणी त्याचे मूळ वैद्यांच्या अग्निकर्मात शोधील. मला ते गुरांना डाग देण्यातून आलेले वाटते. विळा हे शेतकऱ्याचे हत्यार, वैद्याचे नव्हे. २०२५मध्येही चिखलदरा तालुक्यातून अशी बातमी आली. प्रत्येक फुगलेले पोट बंद आतड्याचे नसते, हे खरे. पण तान्ह्याने हिरवे ओकले, तर घरी वाट पाहू नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा.