काच, लोखंड आणि अनुदान : सातारा-सांगलीतील द्रव्य-संशोधनाच्या अर्थसाहाय्याचा इतिहास

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत एखादी वस्तू कशाची घडवावी, ती कशाने टिकते आणि हाताशी असलेल्या कच्च्या मालातून ती कशी साधेल, हे शोधणाऱ्यांना राज्यसत्तेकडून पैसा मिळाल्याचा इतिहास किमान १९१० पासून सांगता येतो. मात्र तो पैसा मागण्याची रीत या शतकभरात इतकी बदलली, की आरंभीचे साहाय्य आणि आजचे अनुदान ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत, हे चटकन ध्यानात येत नाही. ज्या शास्त्राला महाविद्यालयांत आज सरसकट ‘मटेरियल सायन्स’ म्हटले जाते, त्याला मराठीत अद्याप पक्के नाव मिळालेले नाही. ‘पदार्थविज्ञान’ हा शब्द भौतिकीने फार पूर्वीच घेतला, आणि ‘सामग्रीविज्ञान’ हा शब्द पुस्तकाबाहेर क्वचितच पडतो. येथे ‘द्रव्यविज्ञान’ हा शब्द योजला असून, धातू, काच, मृत्तिका, अर्धसंवाहक आदी घन द्रव्यांची अंतर्गत रचना आणि त्यांचे गुणधर्म यांचा संबंध शोधणारे शास्त्र, असा त्याचा अर्थ घ्यावयाचा आहे.

आरंभ औंधापासून करावा लागतो. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध हे एका लहान संस्थानाचे राजधानीचे गाव होते आणि त्या संस्थानाचा मुलूख आजच्या सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता. बेळगावातील नगरपालिकेच्या विस्तारामुळे लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपला नांगरांचा कारखाना हलवणे भाग पडले, तेव्हा नुकतेच गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. १० मार्च १९१० रोजी निवडुंगाने भरलेल्या आणि सापांचा सुळसुळाट असलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येते.

या साहाय्याला संशोधनाचे अनुदान म्हणणे काहींना ओढाताण वाटेल, परंतु किर्लोस्करांपुढचा मुख्य प्रश्न द्रव्याचाच होता. नांगराचा फाळ ओतीव लोखंडाचा, म्हणजे कारागिरांच्या बोलीत बिडाचा, करावयाचा तर बिडाचा रस साच्यात किती वेगाने थंड होतो यावर सारे अवलंबून असते: तो झपाट्याने थंड झाला तर पृष्ठभाग कठीण पण ठिसूळ होऊन दगडाला लागताच तुकडा उडतो, आणि सावकाश थंड झाला तर तोच फाळ मऊ राहून जमिनीत लवकर झिजतो. हे गणित पुस्तकावरून सुटत नव्हते, ओतशाळेत साचे फोडून फोडूनच सोडवावे लागत होते. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा जुन्या निकामी तोफा विकत घेऊन त्यांच्या लोखंडावर कारखाना चालू ठेवण्यात आला. कच्चा माल बदलला की ओतकामाची रीतही नव्याने बसवावी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या खटपटीचे संशोधनमूल्य कळते. लोखंडाने जमीन नासते, हा शेतकऱ्यांचा समज मोडून काढण्याचे काम मात्र कोणत्याही कर्जातून होण्यासारखे नव्हते.

दुसरे उदाहरण काचेचे आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला आणि महाराष्ट्रातील काचकामाची ती शाळा ठरली. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कराड रोड स्थानकाजवळ, औंध दरबाराच्या पाठबळाने, जो कारखाना सुरू केला त्यावरून त्या वस्तीला ओगलेवाडी हे नाव पडले. ‘प्रभाकर’ कंदील पुढे घरोघरी पोचला तो येथूनच. कंदिलाची काच ही दिसायला साधी वस्तू असली तरी तिची परीक्षा कठोर असते. आतून ज्योतीची धग आणि बाहेरून पावसाचा थेंब एकाच वेळी लागला तरी ती तडकू नये, यासाठी वाळू, सोडा आणि चुना यांचे प्रमाण जमावे लागते आणि फुंकून तयार झालेली काच एकदम बाहेर न काढता उतरत्या उष्णतेच्या भट्टीत सावकाश निववावी लागते, जेणेकरून तिच्यातला ताण निघून जातो. चुकलेली काच कारखान्यात शाबूत दिसते आणि गिऱ्हाइकाच्या घरी, कधी तर नुसती खुंटीला टांगलेली असताना, फुटते.

संस्थानी साहाय्याच्या या रीतीत छापील अर्ज नव्हता, परीक्षकांची समिती नव्हती आणि मुदतीचा दिनांकही नव्हता. देणारा माणूस मागणाऱ्या माणसाला पारखत असे आणि त्या पारखीवर व्यवहार उभा राहत असे. तिचे गुण उघड आहेत. दोष असा, की ज्याला दरबारापर्यंत पोचता येत नव्हते त्याची कल्पना कितीही मोलाची असली तरी तिला वाट नव्हती. बाळासाहेबांनी स्वतःच १९३९ साली औंधात लोकांच्या हाती कारभार सोपवणारी राज्यघटना लागू करून राजाच्या मर्जीला आवर घातला, आणि ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाल्यावर ती रीत कायमची संपली.

दरम्यान दिल्लीत दुसरी रीत आकार घेत होती. महायुद्धाच्या गरजेपोटी १९४० साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळ स्थापन झाले, त्यानंतर पाच वर्षांसाठी दरसाल १० लाख रुपयांचा औद्योगिक संशोधन निधी मंजूर झाला, आणि २६ सप्टेंबर १९४२ रोजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘सीएसआयआर’, अस्तित्वात आली. शांतिस्वरूप भटनागर तिचे शिल्पकार. स्वातंत्र्यानंतर १९५० या एकाच वर्षात रसायनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा पुण्यात, काच व मृत्तिकेची कलकत्त्यात आणि धातूंची जमशेदपुरात उभी राहिली. कोळसा, खनिजे आणि मोठे पोलाद कारखाने ज्या बाजूला होते तिकडे काच आणि धातूच्या प्रयोगशाळा जाव्यात हे रास्तच होते, पण त्यामुळे ओगलेवाडी आणि किर्लोस्करवाडी यांच्या भट्ट्यांभोवती साठलेले ज्ञान कोणत्याही सरकारी प्रयोगशाळेच्या परिघात आले नाही. हा तोटा मोठा होता आणि त्याची नोंद फारशी घेतली गेलेली नाही.

जिल्ह्यांत उरली ती महाविद्यालये. सांगली-मिरजेच्या मधले विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चे. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, ज्याला पुढे वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले, ते १९४७ चे. रयत शिक्षण संस्थेची स्थापना १९१९ साली कराडजवळच्या काले येथे झाली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली. तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील हे ओगल्यांच्या काचमालाचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून खेडोपाडी हिंडले होते, आणि शिक्षणाची निकड त्यांना त्या भ्रमंतीतही जाणवली. काच व लोखंड विकणाऱ्या या माणसाच्या संस्थेत पुढे काचेवर अर्धसंवाहकाचे थर चढवणाऱ्या प्रयोगशाळा निघाव्यात, हा योगायोग असला तरी मोठा बोलका आहे.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातील कलम २(फ) आणि १२(ब) यांखाली महाविद्यालयाची नोंद झाली, की तेथील अध्यापक केंद्राच्या पैशासाठी पात्र ठरत. लघु संशोधन प्रकल्पाचा अर्ज आयोगाच्या पुण्यातील विभागीय कार्यालयाकडे जाई, बृहत् प्रकल्पाचा दिल्लीस. मे १९७१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे, म्हणजे ‘डीएसटी’चे, दार त्याहून मोठे, पण तेथे आयआयटीच्या अर्जांशी गाठ होती. अध्यापकांच्या बोलीत या व्यवहाराला ‘प्रपोजल टाकणे’ म्हणतात, आणि शेतात बी टाकण्याच्या क्रियापदाशी त्याचे असलेले साम्य अगदीच अकारण नसावे.

प्रस्तावाचे शास्त्र संशोधनाच्या शास्त्राहून वेगळे आहे. त्यात विषयाचे महत्त्व, आजवर झालेले काम, उद्दिष्टे आणि वर्षवार आराखडा मांडल्यावर खर्चाचे दोन भाग करावे लागतात: उपकरणांचा अनावर्ती, म्हणजे एकदाच होणारा, आणि रसायने, प्रवास, संशोधन-साहाय्यकाचे वेतन यांचा आवर्ती, म्हणजे वर्षावर्षाला होणारा. मंजुरीनंतर रक्कम हप्त्यांनी येते; पुढचा हप्ता मिळण्यासाठी आधीची रक्कम ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘यूसी’ म्हणतात, ३१ मार्चच्या हिशेबाने द्यावे लागते. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत त्याचा नमुना १२-अ या क्रमांकाचा आहे. दरपत्रके मागवा, तुलनात्मक तक्ता करा, समितीच्या सह्या घ्या, या क्रमात वर्ष सरते. राजाच्या मर्जीऐवजी कागदावर विश्वास ठेवायचा म्हटल्यावर कागद वाढणारच, आणि ज्याला दरबारात ओळख नव्हती त्याच्या दृष्टीने हा बदल निःसंशय हिताचा होता.

या मर्यादित पैशाने संशोधनाला दिलेले वळण हाच या इतिहासाचा सर्वांत लक्षणीय भाग होय. अर्धसंवाहकाचा पातळ थर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही पातळ लेप, काचेवर चढवण्याच्या प्रतिष्ठित पद्धतींना उच्च निर्वात निर्माण करणारी यंत्रे लागतात, आणि ती लहान प्रकल्पाच्या आवाक्याबाहेरची असतात. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात म्हणून रासायनिक पद्धती रुजल्या. रासायनिक अवक्षेपणाची कृती पाहावी: चंचुपात्रात कॅडमियमच्या क्षाराचे द्रावण, त्यात अमोनिया आणि थायोयुरिया, आणि पात्राच्या कडेला टेकवून उभी केलेली सूक्ष्मदर्शकाची स्वच्छ काचपट्टी; द्रावण तापवले की ते हळूहळू पिवळे होत जाते आणि तासाभराने पट्टी बाहेर काढून धुतली म्हणजे तिच्यावर हळदीच्या बोटासारखा पिवळा, पण पारदर्शक, थर दिसतो. तो कॅडमियम सल्फाइडचा, सौर घटात उपयोगी पडणारा. दुसरी पद्धत फवारणीची: शेगडीसारख्या तापलेल्या पाटावर काचपट्ट्या मांडून त्यांवर दाबाच्या हवेने द्रावणाचे तुषार सोडायचे, म्हणजे पोचताक्षणी पाणी उडून ऑक्साइड मागे राहते.

गरजेपोटी धरलेली ही वाट पुढे नावारूपास आली. कोल्हापूरच्या चंद्रकांत लोखंडे यांचा रासायनिक अवक्षेपणाने केलेल्या थरांवरील आढावा १९९१ साली, आणि प्रमोद पाटील यांचा फवारणी पद्धतीवरील आढावा १९९९ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे लेख जगभर संदर्भासाठी वापरले गेले. या प्रयोगशाळांत तयार झालेले विद्यार्थी सातारा, कराड, सांगली, इस्लामपूर येथील महाविद्यालयांत अध्यापक म्हणून गेले आणि जाताना पद्धतही घेऊन गेले, कारण तिला शेगडी, तराजू आणि चंचुपात्र पुरत होते. दारिद्र्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. थर चंचुपात्रात तयार होतो, पण तो खरोखर कशाचा झाला हे पाहण्यासाठी क्ष-किरण विवर्तनमापक आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतात. ते गावात नसल्याने नमुने डबीत घालून कोल्हापूर, मुंबई किंवा इंदूरला पाठवावे लागत आणि निकालाची वाट पाहण्यात महिने जात. २००० साली सुरू झालेल्या डीएसटीच्या ‘फिस्ट’ योजनेने विभागांना उपकरणांसाठी पैसा दिला, महाविद्यालयांसाठी तिच्यात वेगळी पायरीही ठेवली. तरीही उपकरण आले आणि दुरुस्तीच्या कराराला तरतूद नाही, ही अडचण अनेक ठिकाणी उरली.

आयोगाचे लघु व बृहत् प्रकल्प बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर, २०१७ च्या सुमारास, ओसरले, आणि जिल्ह्यातील अध्यापकाला सर्वांत जवळचे असलेले दार मिटले. २०२१ साली साताऱ्यात रयतच्या तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले, त्यामुळे तेथील अर्ज आता विद्यापीठाच्या नावाने जातो. २०२३ च्या कायद्याने आलेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची भाषा करते, पण त्यातील मोठा वाटा सरकारबाहेरून यावयाचा आहे.

या सर्व व्यवहाराची खरी साधने महाविद्यालयांच्या कपाटांत पडून आहेत. मंजुरीपत्रे कोणी ना कोणी जपतो. नामंजूर झालेले प्रस्ताव मात्र रद्दीत जातात, आणि या दोन जिल्ह्यांत कोणते संशोधन करावेसे वाटले होते पण झाले नाही, याचा पुरावा नेमका त्यांतच असतो. ज्या विभागांकडे असे जुने कागद उरले आहेत त्यांनी ते रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा आपल्या ग्रंथपालाला दाखवावेत.