नव्या चित्राला जुनें वस्त्र

नवी कला बहुधा जुन्या कलेचें वस्त्र लेऊनच लोकांसमोर येते. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे तिचे सभासद होते. त्या काळचें छायाचित्र हुबेहूब असे. पण रंगावांचून तें अपुरें वाटे. म्हणून कित्येक छायाचित्रांवर चित्रकार कुंचल्यानें रंग चढवीत, पागोट्याची जर सोनेरी करीत. यंत्राच्या चित्राला हस्तचित्राची प्रतिष्ठा हवी होती.

पुढें फिल्मचा काळ आला. मोठ्या केलेल्या चित्रांत चांदीचे कण वाळूसारखे दिसत. हा दोष घालविण्यास कारखानदार झटले. पिंगट छटा तर टिकाऊपणासाठीं देत. गंधकाच्या योगानें चांदीचें अधिक स्थिर संयुग बने. १९७५ सालीं कोडॅकमध्यें स्टीव्हन सॅसन यांनीं डिजिटल कॅमेरा घडविला. त्यांत चांदीहि नाहीं, गंधकहि नाहीं. मात्र गरज संपली आणि ओढ लागली! आज यवतमाळ जिल्ह्यांतील नेरसारख्या तालुक्याच्या गांवींहि लग्नाच्या स्वच्छ छायाचित्रावर मोबाइलच्या एका स्पर्शानें कण पेरतां येतात, पिंगट छटा चढवितां येते.

हौस म्हणून हें निर्दोष आहे. परंतु आजोबांच्या चित्राचें जुनेपण काळानें दिलेलें, नातवाच्या चित्राचें मागून घेतलेलें. शंभर वर्षांनीं दोन्ही एकाच पेटींत सांपडलीं, तर इतिहासकारानें काय समजावें? यास्तव मूळ प्रत जपावी. तिच्याबरोबर साल, गांव, नांवें नोंदवावीं. वस्त्र उसनें चालेल. जन्मतिथि उसनी चालणार नाहीं.