नापसंती आणि अप्रीती

परवा रात्री पुण्याहून नातीचा फोन आला. कॉलेजात परीक्षेच्या वेळापत्रकावरून काही घोळ झालाय आणि मुलांना प्राचार्यांना निवेदन द्यायचंय. "आजोबा, प्रोटेस्ट लिहू की ऑब्जेक्शन?" आता मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेला, जन्मभर इतिहास शिकवलेला मास्तर. इंग्रजीचं मला काय विचारतेस, म्हटलं. पण फोन ठेवल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण अशाच दोन इंग्रजी शब्दांच्या कचाट्यात आमच्या रत्नागिरीत जन्मलेले टिळक सापडले होते.

राजद्रोहाचं कलम १२४-अ आलं १८७० मध्ये. त्यात दोन शब्द होते. 'डिसॲफेक्शन' हा गुन्हा, आणि सरकारच्या कृतींबद्दलचं 'डिसॲप्रोबेशन' हा गुन्हा नव्हे. दुसऱ्याचा अर्थ सरळ आहे, नापसंती. पहिल्याचं मराठी काय करायचं? शब्दशः केलं तर अप्रीती. १८९१ च्या 'बंगबासी' खटल्यात कलकत्त्याच्या सरन्यायाधीशांनी ज्युरीला असं समजावलं होतं की एखाद्याचं वागणं न पटूनही तो माणूस आपल्याला आवडू शकतो. हे मला लगेच पटलं. आमच्या सौ.ला माझी तपकीर चाळीस वर्षं नापसंत होती, पण अप्रीती म्हणाल तर कधी नाही!

मात्र १८९७ मध्ये टिळकांवरच्या पहिल्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सांगितलं की डिसॲफेक्शन म्हणजे प्रेमाचा अभाव, आणि त्यात द्वेष, वैर, तिरस्कार, सगळ्या प्रकारची दुर्भावना आली. म्हणजे प्लेगच्या वर्षात ज्यांच्या घरांत सोजीर घुसले, त्यांनी सरकारबद्दल फक्त नापसंती बाळगायची, मन मात्र स्वच्छ ठेवायचं! ज्युरीत सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन, शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कलम बदलून द्वेष आणि तुच्छता हे शब्दही त्यात घातले गेले.

१९०८ च्या खटल्यात तर आणखी एक भानगड होती. लेख 'केसरी'तले, म्हणजे मराठीत, आणि ज्युरीसमोर आला तो त्यांचा इंग्रजी तर्जुमा. टिळकांनी स्वतःच बचाव केला, एकवीस तासांहून जास्त बोलले. या तर्जुम्यात आपले शब्द बिघडवले आहेत ही त्यांची मोठी तक्रार होती. अमुक मराठी शब्दाला तमुकच इंग्रजी शब्द का, म्हणून त्यांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरले. सहा वर्षं मंडाले.

असो. आता माझी गोष्ट, लहानशीच. मी ज्या शाळेत होतो तिथे एकदा ज्येष्ठता यादीत मला डावलून धाकट्याला वर घातलं. मी कागद इंग्रजीत लिहिला (मराठीला कोण विचारतो, असं तेव्हा वाटायचं) आणि त्यात 'आय प्रोटेस्ट' लिहिलं. झालं! मास्तरांनी संस्थेचा निषेध केला म्हणून बोलावणं आलं. मुद्दा यादीचा होता, चर्चा माझ्या निष्ठेची सुरू झाली. शेवटी हेडक्लार्क म्हणाले, "मास्तर, ऑब्जेक्शन लिहा, आणि मागे 'नम्रपणे' लावा." मी तसं लिहून जुना कागद परत घेतला. यादी काही बदलली नाही. त्याची रुखरुख कमी, पण तो कागद परत घेतल्याची अजून आहे. मला म्हणायचं होतं ते पहिल्याच शब्दात होतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली, न्याय संहिता आली. तिच्या कलम १५२ मध्ये डिसॲफेक्शन हा शब्द राहिला नाही. डिसॲप्रोबेशन मात्र खालच्या स्पष्टीकरणात अजून आहे. शब्द गेला म्हणून कलम सौम्य झालं असं काही नाही, याबद्दल जाणकारांत वाद आहेच.

सकाळी फिरायला जाताना टिळक आळीतून आलो. घरी येऊन नातीला फोन केला आणि प्रोटेस्टच लिही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, ते तर कालच देऊन आलो. आम्ही दोन्ही लिहिलं."