वंशावळीवाले रिव्हर्स

मानववंशशास्त्राच्या वर्गात मी डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांची ओळख करून द्यायचो ती वंशावळीवाले म्हणून. १९०१-०२ साली हा केंब्रिजचा डॉक्टर निलगिरीत तोडा लोकांमध्ये जाऊन, कोण कुणाचा कोण, हे विचारत बसला. तोडा माणूस आपल्या मेलेल्या नातलगाचं नाव उच्चारत नाही. मग रिव्हर्स ते दुसऱ्या घराण्याकडून काढून घेत. पुढे महायुद्धात त्यांनी काय केलं, हे सांगण्याआधी तास संपायचा. अभ्यासक्रमात तेवढंच होतं!

१९१६ मध्ये एडिनबरोच्या क्रेगलॉकहार्टला, एका जुन्या जलोपचार केंद्रात, मनाने खचलेल्या अधिकाऱ्यांसाठी इस्पितळ निघालं. रिव्हर्स तिथे आले. इस्पितळ फक्त अधिकाऱ्यांसाठी, हे विसरू नये. वाचा गेलेल्या साध्या शिपायाच्या घशाला लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये डॉ. यीलंड विजेचे झटके देत, तो बोलेपर्यंत.

रुग्णांना त्या काळी सगळे एकच सांगत: झालं ते विसरा, दुसरं काही मनात आणा. रिव्हर्सना हे पटेना. डिसेंबर १९१७ मध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी एका अधिकाऱ्याची हकीकत दिली आहे. मित्राला शोधायला गेला, तर स्फोटाने चिंधड्या झालेला देह सापडला. रात्री स्वप्नात तोच मित्र यायचा, आणि दिवसभर हा ते मनातून हाकलत राहायचा. रिव्हर्सनी एवढंच दाखवून दिलं, की देहाची ती दशा म्हणजे मित्र तत्क्षणी गेला, तळमळत पडला नाही. मग काही रात्री स्वप्नच पडलं नाही. पुन्हा पडलं तेव्हा हा प्रेताशेजारी गुडघे टेकून, घरच्यांना पाठवायला त्याच्या वस्तू काढून घेत होता. जागा झाला तो दुःखाने, पण भीती गेलेली.

इलाज झालेल्यांना पुन्हा खंदकात पाठवायचं, हेही याच डॉक्टरचं काम. त्याचं त्यांना ओझं वाटत असणार, असं मला वाटतं. पण मला ते जास्त पटतात ते त्याच निबंधातल्या दुसऱ्या प्रसंगामुळे. एक अधिकारी तोफगोळ्याच्या दणक्याने उडाला आणि कित्येक दिवसांपूर्वी मेलेल्या जर्मनाच्या फुगलेल्या पोटावर तोंडघशी पडला. पोट फुटलं. या आठवणीत धरायला सुसह्य असं काहीच रिव्हर्सना सापडलं नाही, आणि तसं त्यांनी छापून टाकलं. युद्धाची आठवण देणारं काही नसलेल्या खेड्यात त्या माणसाला पूर्वी बरं वाटलं होतं. त्याने सैन्य सोडलं आणि तसल्याच ठिकाणी राहायला गेला.