कमीत कमी किती स्पीकर?

घरी चित्रपट पाहताना चित्रपटगृहाचा अनुभव मिळावा म्हणून लोक 'होम थिएटर' विकत घेतात. दुकानात स्पीकरांची संख्या आणि वॅटचे आकडे सांगितले जातात. पैसे मोजकेच असतील तर ते नेमके कशावर खर्चावेत? हा प्रश्न आज नवा वाटला तरी १९३० नंतरच्या काही वर्षांत मोठ्या प्रयोगशाळांतले अभियंते त्याच्याशीच झुंजत होते. त्यांच्या उत्तरांचा आपल्याला आजही उपयोग होतो.

सुरुवात मात्र त्याआधीची आहे. १८८१ साली पॅरिसमध्ये विजेचे मोठे प्रदर्शन भरले होते. क्लेमाँ आदेर याने तिथल्या ऑपेरागृहाच्या रंगमंचावर ओळीने टेलिफोनचे प्रेषक मांडले आणि तारा प्रदर्शनापर्यंत आणल्या. श्रोत्याने दोन कानांना दोन श्रवणयंत्रे लावायची. दोन्ही यंत्रांच्या तारा मंचावरच्या वेगवेगळ्या प्रेषकांकडून आलेल्या. गायक मंचावर चालू लागला की त्याचा आवाजही सरकतो आहे, असे ऐकणाऱ्यांना जाणवले.

असे का झाले? आपल्या दोन कानांत साधारण २० सेंटिमीटर अंतर असते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाने उशिरा पोचतो, शिवाय थोडा क्षीण होऊन पोचतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो.

१९२५ मध्ये अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू, अशी स्पीकरची रचना मांडली. आजचे बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर चालतात. आता आवाज खोलीभर पोचू लागला, पण तो एकाच ठिकाणाहून येई. बोलपट पाहताना पात्र पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून, ही विसंगती इंग्लंडमधल्या अ‍ॅलन ब्लुमलाइन याला खटकली. दोन स्पीकरांतून आवाजाला जागा देण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी त्याने १९३१ साली अर्ज केला.

त्याच सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने वेगळा विचार केला. वाद्यवृंदासमोर मायक्रोफोनांचा पडदा टांगायचा आणि श्रोत्यांपुढे तेवढ्याच स्पीकरांचा. मग आवाज हुबेहूब उमटेल! पण प्रत्येक मायक्रोफोनला स्वतंत्र तार आणि स्वतंत्र वर्धक लागणार. एवढा खर्च कोण करणार? म्हणून त्यांनी कमीत कमी किती पुरतात ते तपासले. एप्रिल १९३३ मध्ये फिलाडेल्फियात वाद्यवृंद वाजला आणि वॉशिंग्टनमधल्या सभागृहात तो तीन स्पीकरांतून ऐकवण्यात आला. मोठ्या मंचासाठी तीन चांगले; दोनच असतील तर मधले आवाज मागे हटल्यासारखे वाटतात, असे त्यांना आढळले.

पुढे काटकसरीनेच मार्ग ठरवला. १९५७-५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. त्यांच्या खाचेला दोनच भिंती, म्हणून घरात स्पीकरही दोन. चित्रपटगृहात मात्र संवादांसाठी मधला स्पीकर टिकून राहिला. आजच्या '५.१' मांडणीत पुढचे तीन, बाजूचे किंवा मागचे दोन आणि खर्ज स्वरांचा एक, असे सहा स्पीकर येतात.

यावरून खर्चाचा क्रम लावता येतो. आधी पुढचे दोन स्पीकर चांगले घ्यावेत. एक-दोघेच मध्यभागी बसून पाहणार असतील तर संवाद समोरून येत असल्याचा भास दोघांतूनही होतो. घरभर माणसे बसणार असतील तर मधला स्पीकर हवाच. मागचे दोन सर्वांत शेवटी घेतले तरी चालतात. खर्ज स्वरांना एकच खोके का पुरते? सेकंदाला ८० कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी सव्वाचार मीटर भरते. तिच्यापुढे कानांतले अंतर नगण्य, त्यामुळे हा आवाज कुठून आला हे नीट कळत नाही.

वॅटच्या आकड्यांना भुलू नये. आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण दहापट शक्ती लागते. ५० ऐवजी १०० वॅट घेतल्याने फारसा फरक ऐकू येत नाही.

तारांचे गणित वर्गातही करता येईल. स्पीकर ५ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तार लागते. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध तेवढ्या लांबीत सुमारे ०.१७ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हे प्रमाण जेमतेम २ टक्के. म्हणजे साधी तांब्याची तार पुरते, महागड्या तारेची गरज नाही. २००२ साली आलेल्या एचडीएमआय जोडणीत तर आवाज आकड्यांच्या रूपात जातो. आकडे न चुकता पोचले की स्वस्त तार आणि महाग तार यांत आवाजाचा फरक उरत नाही.

एक काळजी मात्र फुकटात घेता येते. दोन्ही स्पीकरांची धन-ऋण टोके सारखीच जोडलेली हवीत. एकाची उलट झाली तर एक शंकू पुढे येताना दुसरा मागे जातो. खर्ज स्वर एकमेकांना मारतात आणि आवाजाची जागा हरवते. खुणा पुसल्या असतील तर वर्धकापासून सोडवलेल्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. शंकू बाहेर सरकला तर सेलचे धन टोक ज्याला लागले ते स्पीकरचे धन टोक. शाळेतल्या जुन्या रेडिओचा स्पीकर घेऊन हा प्रयोग मुलांकडून जरूर करवून घ्यावा.